शून्य भागिले शून्य : आलेखातले एक छिद्र

गेल्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याला गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या एका बैठकीला जाण्याचा योग आला. रोवणीचे दिवस होते. शाळेच्या आवारापलीकडे बांध्या पाण्याने भरल्या होत्या. बैठकीचा विषय तसा वेगळाच होता, पण चहाच्या वेळी एक शिक्षक आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "एक जुनी गोष्ट मनात अडकून बसली आहे. सांगू का?"

त्यांनी एका चाचणीत पुढील उदाहरण घातले होते :

(क्ष² − क्ष − ६) ÷ (क्ष − ३) या राशीची किंमत क्ष = ३ असताना काढा.

बहुतेक मुलांनी अंशाचे अवयव पाडले, (क्ष − ३)(क्ष + २) असे लिहिले, वरचा आणि खालचा (क्ष − ३) छेदून टाकला, उरलेल्या क्ष + २ मध्ये ३ घातले आणि उत्तर लिहिले ५. एका मुलीने मात्र अवयव पाडण्याआधीच ३ ही किंमत घातली. वर आले ९ − ३ − ६ म्हणजे शून्य, खालीही शून्य. तिने लिहिले : 'उत्तर निघत नाही.' शिक्षकांनी पाच लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण दिले, तिला शून्य. ती पेपर घेऊन आली आणि तिने विचारले, "सर, किंमत आधी घातली तर एक आणि नंतर घातली तर दुसरे, असे कसे होईल? राशी तर तीच आहे ना?"

"मी तिला सांगितले, आधी सरळरूप द्यायचे असते, तशी पद्धत आहे," शिक्षक म्हणाले. "ती गप्प बसली. त्यानंतर तिने वर्षभर वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. तिचे चुकले होते का हो?"

चहा तसाच राहिला. तिचे चुकले नव्हते, हे आम्ही त्यांना लगेच सांगितले. पण का चुकले नव्हते, आणि तरीही त्या पाचाला काही अर्थ आहे की नाही, हे सांगायला दुपार लागली. त्या दुपारी जे बोलणे झाले तेच येथे मांडत आहोत. कारण हा प्रश्न आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गात कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेला असतो.

दावेदार किती?

आधी भागाकार म्हणजे काय ते आठवू. ६ ÷ ३ = २ असे आपण म्हणतो, कारण ३ ला २ ने गुणले की ६ मिळतात. भागाकाराचे उत्तर म्हणजे 'छेदाला कशाने गुणले असता अंश मिळेल?' या प्रश्नाचे उत्तर. ६ ÷ ३ साठी असा दावेदार एकच आहे.

आता ५ ÷ ० घ्या. शून्याला कशाने गुणले तर ५ मिळतील? कशानेच नाही. येथे दावेदारच नाही. ० ÷ ० ची गोष्ट याच्या उलट आहे. शून्याला कशाने गुणले तर शून्य मिळेल? कशानेही! ७ म्हणेल मी उत्तर, १०० म्हणेल मी, वजा अर्धाही म्हणेल मी. येथे सगळेच दावेदार आहेत.

दोन्ही ठिकाणी आपण 'भागाकार करता येत नाही' एवढेच सांगून पुढे जातो. पण एकीकडे उत्तर नाही आणि दुसरीकडे उत्तरांची गर्दी आहे. हा फरक लक्षात ठेवला की पुढचे सारे सोपे होते. मुलीने जे लिहिले ते अगदी खरे होते : दिलेल्या राशीत ३ घातल्यावर ० ÷ ० येते आणि त्यातून एक निश्चित उत्तर निघत नाही.

अंगणातला आलेख

मग ही बाकीची मुले पाच कोठून घेऊन आली? हे पाहण्यासाठी आम्ही शाळेच्या अंगणात चुन्याने दोन अक्ष आखले आणि शिक्षकांनाच उभे केले. सात जणांना ० ते ६ यांपैकी एकेक संख्या दिली. अट एकच : अवयव पाडायचे नाहीत, सरळरूप द्यायचे नाही. दिलेल्या राशीत आपली संख्या घालायची, उत्तर काढायचे आणि तेवढ्या उंचीवर जाऊन उभे राहायचे.

शून्यवाल्यांना मिळाले −६ ÷ −३ = २. एकवाल्यांना −६ ÷ −२ = ३. दोनवाल्यांना −४ ÷ −१ = ४. चारवाल्यांना ६ ÷ १ = ६, पाचवाल्यांना १४ ÷ २ = ७ आणि सहावाल्यांना २४ ÷ ३ = ८. सहाही जण एका सरळ रेषेत उभे राहिले. तीनवाले शिक्षक मात्र खडू हातात घेऊन बाजूलाच थांबले. त्यांच्या वाट्याला ० ÷ ० आले होते, त्यांना जागाच नव्हती.

"तुम्ही कोठे उभे राहावे असे वाटते?" असे विचारताच सगळ्यांनी एकाच जागेकडे बोट दाखवले : तीनच्या वर, पाचच्या उंचीवर.

जवळचे शेजारी आणखी जवळून तपासले तरी साक्ष बदलत नाही. क्ष = २.९ घेतले तर राशीची किंमत येते ४.९. क्ष = २.९९ ला ४.९९. पलीकडून क्ष = ३.१ घेतले तर ५.१, आणि ३.०१ ला ५.०१. दोन्ही बाजूंचे शेजारी पाचाचीच साक्ष देतात. ० ÷ ० च्या दारात दावेदारांची गर्दी आहे खरी, पण या विशिष्ट ठिकाणी शेजाऱ्यांना विचारले तर त्यातला एकच खरा ठरतो. या ठरलेल्या संख्येला गणितात 'सीमा' म्हणतात.

पण येथे घाई करू नये. शेजाऱ्यांनी साक्ष दिली म्हणून तीनवाले शिक्षक त्या जागी उभे होते असे होत नाही. जागा रिकामीच आहे. दिलेल्या राशीचा आलेख म्हणजे क्ष + २ ची सरळ रेषा, पण (३, ५) हा एक बिंदू वगळून. आलेख काढताना त्या जागी एक लहानसे पोकळ वर्तुळ काढतात. यालाच आलेखातले छिद्र म्हणतात.

म्हणजे (क्ष² − क्ष − ६) ÷ (क्ष − ३) आणि क्ष + २ या दोन राशी एकच नाहीत. त्या एका बिंदूखेरीज सर्वत्र सारख्या आहेत. सामाईक अवयव छेदताना आपण खरे म्हणजे अंश आणि छेद दोघांनाही (क्ष − ३) ने भागत असतो, आणि क्ष = ३ असताना हे भागणे म्हणजे शून्याने भागणे. म्हणून सरळरूप लिहिताना शेजारी 'क्ष हा ३ नाही' ही अट लिहायला हवी. पुस्तकात छेद शून्य नसावा असे सुरुवातीला एकदा सांगितलेले असते. पाचव्या उदाहरणापर्यंत ते विसरले जाते.

अंगणात उभे असलेल्या, घरची धानशेती असलेल्या एका शिक्षकांना हे फार पटले. ते म्हणाले, "बांधीच्या धुऱ्याला खेकड्याने बीळ करावे तसेच हे. दुरून धुरा अखंड दिसतो. पाणी उतरू लागले की मग कळते." उपमा चांगली आहे, आणि ती पुढेही नेता येते. खेकड्याचे बीळ चिखलाच्या एका गोळ्याने बुजते. आपले छिद्रही (३, ५) हा एक बिंदू घातला की बुजते. म्हणूनच अशा छिद्राला 'दूर करता येण्याजोगे' म्हणतात. पण धुराच फुटला असेल तर?

छिद्र आणि भगदाड

तेही अंगणात करून पाहिले. या वेळी राशी घेतली ६ ÷ (क्ष − ३). शून्यवाले −२ वर गेले, एकवाले −३ वर, दोनवाले −६ वर. पलीकडे चारवाले ६ वर, पाचवाले ३ वर, सहावाले २ वर. तीनवाल्यांनी पुन्हा विचारले, "मी कोठे उभा राहू?" या वेळी कोणालाच बोट दाखवता येईना. एक शेजारी खाली उतरत चाललेला, दुसरा वर चढत गेलेला. आणखी जवळून विचारले तर २.९९ ला किंमत −६०० येते आणि ३.०१ ला +६००. येथे चिखलाचा गोळा घालायचा तरी कोठे? वर ६ आणि खाली शून्य, म्हणजे दावेदार नसलेला भागाकार. अशा ठिकाणी आलेखाला उभी अनंतस्पर्शी रेषा असते; आलेख तिच्या जवळ जवळ जातो आणि वर किंवा खाली अमर्याद पळतो.

एकाच राशीत दोन्ही प्रकार असू शकतात. उदाहरणार्थ (क्ष² − ९) ÷ (क्ष² − क्ष − ६). अवयव पाडू :

(क्ष − ३)(क्ष + ३) ÷ (क्ष − ३)(क्ष + २)

छेद दोन ठिकाणी शून्य होतो, क्ष = ३ आणि क्ष = −२. क्ष = ३ येथे अंशही शून्य होतो. सामाईक अवयव काढल्यावर उरते (क्ष + ३) ÷ (क्ष + २), त्यात ३ घातले की ६/५. म्हणून (३, ६/५) येथे छिद्र. क्ष = −२ येथे अंश शून्य नाही, म्हणून तेथे अनंतस्पर्शी रेषा.

तेव्हा छिद्रे शोधण्याची रीत अशी. पहिल्यांदा अंश आणि छेद दोहोंचे पूर्ण अवयव पाडायचे. छेद ज्या किमतींना शून्य होतो त्या सगळ्या लिहून ठेवायच्या, आणि हे काम काही छेदून टाकण्याच्या आधीच करायचे. मग सामाईक अवयव काढायचे. लिहून ठेवलेली किंमत उरलेल्या राशीत घातल्यावर छेद शून्य होत नसेल तर तेथे छिद्र, आणि येणारी किंमत ही छिद्राची उंची. छेद अजूनही शून्य होत असेल तर तेथे अनंतस्पर्शी रेषा.

शेवटची पायरी गाळू नये. 'सामाईक अवयव आहे म्हणजे छिद्र आहे' असे पाठ करणारी मुले (क्ष − ३) ÷ (क्ष − ३)² येथे फसतात. येथे ३ ला वर-खाली दोन्हीकडे शून्य येते, पण एक अवयव काढल्यावर १ ÷ (क्ष − ३) उरते. बीळ बुजवायला गेलो तर हाती भगदाडच आले. उलट (क्ष − ३)² ÷ (क्ष − ३) मध्ये क्ष − ३ उरते, म्हणून (३, ०) येथे साधे छिद्र.

अट विसरली की

एवढ्याशा छिद्राची इतकी चिंता का करायची, असे कोणी म्हणेल. पुढील उदाहरण वर्गात जरूर मांडावे. समजा अ = ब. दोन्ही बाजूंना अ ने गुणू : अ² = अब. दोन्हींतून ब² वजा करू : अ² − ब² = अब − ब². अवयव पाडू : (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). सामाईक अवयव छेदू : अ + ब = ब. पण अ आणि ब सारखेच, म्हणून २ब = ब, म्हणजेच २ = १!

चूक कोठे आहे हे मुलांनाच शोधू द्यावे. (अ − ब) शून्य आहे आणि आपण त्याने भागले. चाचणीतल्या मुलांनी (क्ष − ३) छेदून मग ३ ही किंमत घातली तेव्हा नेमके हेच केले होते. तेथे उत्तर 'शोभणारे' आले म्हणून कोणाला खटकले नाही, एवढाच फरक.

समीकरणे सोडवतानाही हे नडते. (क्ष² − क्ष − ६) ÷ (क्ष − ३) = ५ हे समीकरण सोडवा म्हटले तर मुले क्ष + २ = ५, म्हणून क्ष = ३ असे लिहितात. पण ३ या किमतीला डावी बाजूच अस्तित्वात नाही. या समीकरणाला उकल नाही.

भास्कराचार्यांचे चौदा

या प्रश्नाने आपल्याकडच्या गणितज्ञांनाही बराच काळ झुंजवले आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या 'ब्रह्मस्फुटसिद्धांत' या ग्रंथात शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे सांगितले. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते असे मानले. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे नाव देऊन तिला अनंत मानले. पण त्यांच्या 'लीलावती'त आणखी एक गोष्ट आहे, ती थेट आपल्या विषयाची आहे.

शून्याने गुणलेल्या राशीवर पुढे आणखी क्रिया करायच्या असतील तर तिला लगेच शून्य म्हणून मोकळे होऊ नये, शून्य हा गुणक म्हणून तसाच सांभाळून ठेवावा, आणि पुढे शून्यच भाजक म्हणून आले तर मूळ राशी जशीच्या तशी राहिली असे समजावे, असा नियम ते देतात. त्यावर त्यांचे उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, बेरजेला तीनने गुणले आणि शून्याने भागले तर ६३ आले. ती संख्या कोणती? उत्तर दिले आहे १४. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही ते सांगतात.

आजच्या दृष्टीने पाहिले तर शून्य खरोखरच शून्य असेल तेव्हा हे उदाहरण सुटत नाही. १४ च काय, कोणतीही संख्या घेतली तरी ० ÷ ० येईल. पण शून्याच्या जागी 'ट' ही एक लहान संख्या घ्या. संख्या क्ष असेल तर टक्ष मध्ये त्याचे अर्धे मिळवून तीनने गुणल्यावर ९टक्ष/२ होतात. ट ने भागल्यावर ९क्ष/२ उरतात. हे ६३ बरोबर मांडले की क्ष = १४. आता क्ष = १४ ठेवून ट बदलत नेला तर राशी होते ६३ट ÷ ट. ट शून्य नसताना तिची किंमत नेहमी ६३, आणि ट = ० येथे एक छिद्र, ६३ च्या उंचीवर. 'शून्य गुणक म्हणून सांभाळून ठेवा' या सूचनेत हेच छिद्र दडलेले आहे.

भास्कराचार्यांचे गाव नेमके कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

वास्त्याचा वेग

ग्रहगणितात हा उपयोग कसा होतो हे समजण्यासाठी आकाशाकडे न जाता बांबूच्या रांजीकडे जाऊ. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा वास्ता दिवसागणिक वाढताना डोळ्यांना दिसतो. समजा, 'न' दिवसांनंतर त्याची उंची २न² सेंटिमीटर आहे (हे सूत्र केवळ उदाहरणासाठी). तिसऱ्या दिवशी उंची १८. तिसऱ्या दिवसानंतर ट दिवसांत तो सरासरी कोणत्या वेगाने वाढला?

[२(३ + ट)² − १८] ÷ ट = (१२ट + २ट²) ÷ ट

ट शून्य नसेल तर हे १२ + २ट. पूर्ण दिवसाची सरासरी १४, अर्ध्या दिवसाची १३, दिवसाच्या दहाव्या भागाची १२.२. पण 'नेमक्या त्या क्षणी वेग किती?' असे विचारले तर ट = ० घालावे लागते आणि ० ÷ ० समोर येते. तात्कालिक वेग म्हणजे या छिद्राची उंची : दिवसाला १२ सेंटिमीटर. ग्रहांची तात्कालिक गती हा भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'तला विषय आहे. युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी कलनशास्त्र उभे केले तेव्हा बिशप बर्कली यांनी १७३४ साली हाच आक्षेप घेतला : ट ला आधी शून्येतर मानून भागता आणि मग शून्य म्हणून सोडून देता, हे कसे? पोंभुर्ण्याच्या मुलीचा प्रश्न यापेक्षा वेगळा नव्हता. त्याला समाधानकारक उत्तर द्यायला गणिताला १८२१ साली कोशीचा ग्रंथ येईपर्यंत, आणि त्यानंतरही काही दशके, 'सीमा' ही कल्पना घासूनपुसून घ्यावी लागली.

आमचाही एक अनुभव सांगतो. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात एका अरुंद फटीतून जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता काढणारा संगणक-कार्यक्रम आम्ही लिहिला होता. त्यात कोनाच्या साइनला त्याच कोनाने भागायचे असते. कार्यक्रम नेमका मध्यबिंदूवर येऊन थांबला, कारण तेथे कोन शून्य, साइनही शून्य. सगळ्यात जास्त उजेड असलेली जागाच आमच्या आलेखात रिकामी राहिली. दोन दिवस यंत्रात दोष शोधल्यावर ध्यानात आले की छिद्राची उंची १ आहे, हे यंत्राला आपणच सांगायला हवे होते.

वर्गात करून पाहण्यासाठी तीन उदाहरणे देतो. (क्ष² − २५) ÷ (क्ष² − ७क्ष + १०) मध्ये (५, १०/३) येथे छिद्र आणि क्ष = २ येथे अनंतस्पर्शी रेषा मिळेल. (क्ष³ − ८) ÷ (क्ष − २) मध्ये (२, १२) येथे छिद्र. आणि (क्ष − १) ÷ (क्ष² − २क्ष + १) मध्ये सामाईक अवयव असूनही छिद्र नाही. का ते मुलांना सांगू द्यावे.

संध्याकाळी निघताना ते शिक्षक पुन्हा भेटले. ती मुलगी आता वरच्या वर्गात, त्याच शाळेत आहे. "चाचणीचे गुण आता बदलता येणार नाहीत," ते म्हणाले, "पण सोमवारी तिला अंगणात बोलावतो. तीनची संख्या तिलाच देईन. आणि माझे चुकले होते हे सगळ्यांसमोर सांगेन."